जिनिंगच्या टाकीतलं घर

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आपलं काम आहे असं मला कधी वाटलं नाही, आजही नीटसं वाटत नाही. माझ्या आधी आमच्या घरातलं लेखन म्हणजे बाबांची मस्टरवरची सही, मोठ्या अक्षरांतली, शेवटच्या अक्षराला जरा वेळ घेणारी. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी. त्यामुळे गल्लीतले अर्ज माझ्याकडे येऊ लागले. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याला सगळंच लिहिता येतं असा घरच्यांचा समज झाला, आणि काही दिवस माझाही झाला. त्या दिवसांत मी एक कागद फार मन लावून लिहिला. त्या कागदामुळे आमच्या घराचं काय झालं, तेवढंच मला सांगायचं आहे. सांगताना कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाताना लागतं. गावाच्या टोकाला जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिचं काम. बाबा तिथे फिटर होते. मशीनचे पट्टे, बेअरिंग, पंप त्यांच्याकडे, आणि पाण्याची टाकीही त्यांच्याकडे. कापसाच्या ढिगाला एक ठिणगी पुरते, म्हणून हंगामात जिनिंगची टाकी एक दिवससुद्धा रिकामी ठेवून चालत नाही. दर वर्षी दसऱ्याच्या आधी बाबा टाकीत उतरायचे, गाळ काढायचे, एकेक बोल्ट चाचपून बघायचे. मग पाणी चढवायचे आणि टाकीच्या खाली जमिनीवर चाळलेली राख पसरून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी राखेवर थेंबाचा एकही डाग दिसला नाही, की मगच ते घरी येऊन चहा मागायचे. डाग दिसला तर चहा नाही, बोलणंही नाही.

आमच्याकडे शेत नव्हतं. त्यामुळे कापूस बुडाला की आमचं काय बुडतं, हे लोकांना पटकन कळत नाही. कापसाच्या त्या वाईट वर्षांत जिनिंगसमोरच्या बैलगाड्यांची रांग आधी रस्त्यापर्यंत असायची, ती फाटकापर्यंत आली, आणि मग फाटकाच्या आत मावायला लागली. मायला वेचणीचं काम मिळायचं तेही अर्ध्यावर आलं. एका वर्षी बाबांनी टाकी भरली, राख पसरली, डाग आला नाही, चहा झाला, आणि जिनिंग सुरूच झाली नाही. पुढच्या वर्षी ट्रक आले आणि मशीन घेऊन गेले. जागा कुणीतरी सोयाबीनच्या गोदामासाठी घेतली. कामगारांची क्वार्टरं पाडायला एक दुपार लागली. आमचं क्वार्टर शेवटून दुसरं होतं. आमची पाळी येईपर्यंत मी सामान बाहेर काढत होतो आणि माय आत झाडू मारत होती. पाडायच्या घराला कायले झाडून राह्यली, असं मी विचारलं. ती झाडून झाल्यावरच बाहेर आली.

टाकी मात्र कुणी पाडली नाही. ती आवाराच्या एका कोपऱ्यात होती. खाली जाड विटांचा चौकोनी मनोरा, दोन मजली घराएवढा उंच, आणि त्यावर लोखंडी पत्रे बोल्टने जोडून केलेली मोठी टाकी. विटा इतक्या पक्क्या होत्या, की पाडायचा खर्च लोखंडाच्या भंगारातून निघत नव्हता. जुन्या मालकाच्या दिवाणजींनी जाताना बाबांना सांगितलं, की तू इतकी वर्षं सांभाळलीस, राहायचं तर राहा, कोण विचारतंय. कागद काही दिला नाही. बाबांनी मागितलाही नाही.

मनोऱ्याच्या खालची खोली कुठल्याही घराची असावी तशी होती, फक्त मधोमध वरून खाली आलेला जाड पाइप होता. तिथे चूल मांडली. पण चार माणसांना ती पुरत नव्हती. बाबा, माय, माझी लहान बहीण आणि मी. राहायची खरी जागा वर होती, टाकीत. ती आमच्या क्वार्टरच्या खोलीपेक्षा मोठी होती आणि तिच्यावर पत्र्याचं छप्पर होतं. बाबांनी पाडलेल्या शेडच्या सागवानी फळ्या आणि पाइप गोळा करून मनोऱ्याच्या आतून जिना केला. टाकीत शिरायला दार हवं होतं. मी म्हणालो, गॅस कटर आणून कापू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. त्यांनी दोन पत्र्यांचे बोल्ट एकेक करून सोडवले, एक पत्रा दारासाठी आणि एक खिडकीसाठी. हे चार दिवस चाललं. निघालेले दोन्ही पत्रे खालच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले, त्यांच्यावर तेलाचं बोट फिरवलं, आणि बोल्ट एका डब्यात तेलात बुडवून ठेवले. दार असं झालं की वाकूनच आत जावं लागायचं, आणि खालचा लोखंडी काठ ओलांडताना पायाची बोटं ठेचायची. आमच्या चौघांची बोटं पहिल्या महिन्यात फुटली.

माय पहिल्यांदा वर आली ती एका हाताने जिना आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरून. आत उभी राहून तिने चारी बाजूंना पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "लोक खाली राहतेत अन् पानी वर राह्यते. आपन काहून उलटं करून राह्यलो?"

बाबा म्हणाले, "पानी नाही ना आता."

एप्रिल लागला आणि सकाळी दहा वाजताच टाकी तापायला लागली. अकरा वाजता भिंतीला हात लावता येत नव्हता. आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो लोखंडाच्या डब्यात बसून बघितलेले थोडेच असतील. तेव्हा मायने उपाय सांगितला. आमच्याकडे तुराटीचा आणि पऱ्हाटीचा कुड घालतात, म्हणजे तुरीची, कापसाची वाळलेली झाडं उभी बांधायची आणि दोन्हीकडून मातीने लिंपायची. अशी भिंत उन्हाळ्यात थंड राहते. टाकीच्या आत, लोखंडापासून हातभर अंतर सोडून, चारी बाजूंनी कुड घालायचा असं ठरलं. तुराटी मिळाली. गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरून पांढरी माती आणली. शेण, माती आणि कुटार, म्हणजे भुसा, एकत्र तुडवून ते घमेल्यांनी वर चढवायचं होतं. गल्लीतल्या बायका आल्या आणि जिन्यावर ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्यांत वर, टाकीत, एक काकू होती. ती आमच्या जुन्या क्वार्टरच्या शेजारची. लिंपण्यात तिचा हात गावात पहिला. तिने दोन दिवस मायच्या बरोबरीने आतून लिंपलं आणि खाली उतरल्यावर म्हणाली, की माझं सासर गेलं खड्ड्यात, म्हातारपणी मी इथंच येतो राहाले, वरून साऱ्या गावाची भांडणं दिसतेत.

कुड वाळला तेव्हा टाकी बदलली. आवाज घुमायचा बंद झाला. दुपारी सावलीत बसल्यासारखं वाटायला लागलं. आमच्या घरात वंदना झाली, खीर झाली, ज्यांना जिना चढता आला ते वर आले आणि बाकीच्यांनी खालीच खाल्लं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे घर आहे.

गावाला वेगळं वाटत होतं. आम्हाला टाकीवाले म्हणायला लागले. पोस्टमन खालूनच ओरडायचा, विमान उतरवा, पत्र आलं. माझ्या बहिणीला शाळेत विचारायचे, तुमच्या घरी आंघोळ कशी करतात, बुडी मारून का. ती म्हणायची, आम्ही तुमच्या डोक्यावर राहतो, सांभाळून बोला. मी यवतमाळला कॉलेजात गेलो तेव्हा होस्टेलच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना थांबलो. शेवटी जिनिंगजवळ असं लिहिलं. जिनिंग तर उरलीच नव्हती.

घर झालं, पण नोंद नव्हती. ज्यांना नोंद म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांचा मला हेवा वाटतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या रजिस्टरमध्ये घराची नोंद असली की विजेचं मीटर मिळतं, रहिवासी दाखला मिळतो, माझ्या शिष्यवृत्तीचे कागद पुरे होतात. नोंद नसेल तर तुम्ही राहता ते सगळ्या गावाला दिसतं, पण कागदावर तुम्ही कुठेच राहत नाही. त्यात असं निघालं, की टाकीच्या कोपऱ्याची जागा जुन्या मालकाने कधीकाळी रस्त्याच्या बदल्यात पंचायतीला दिलेली होती. म्हणजे दिवाणजींचं राहा म्हणणं काही कामाचं नव्हतं. पंचायत जे म्हणेल ते.

मी दर शनिवारी यवतमाळहून गावी यायचो आणि सोमवारी ग्रामसेवकांना गाठूनच परत जायचो. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याकडे तीन गावं होती, आणि प्रत्येक गावात माझ्यासारखा कुणीतरी त्यांची वाट बघत बसलेला असायचा. कधी ते येत नसत, कधी येत पण रजिस्टर तालुक्याला गेलेलं असे. पहिल्या वर्षीचा माझा सगळा अभ्यास पंचायतीच्या ओट्यावर झाला असं म्हटलं तरी चालेल. बाबा सोबत यायचे आणि उभे राहायचे. खुर्ची रिकामी असली तरी बसत नसत. परत आल्यावर जिना चढताना बाबा मधल्या फळीवर थांबायचे, हात गुडघ्यावर ठेवून. मी मागे थांबायचो. थकलात का असं मी कधी विचारलं नाही, कारण मीही थकलेला असायचो.

शेवटी ग्रामसेवकांनी स्पष्ट सांगितलं. जुनं बांधकाम आहे, उद्या पडलं तर जबाबदारी कुणाची? मनोरा धोक्याचा नाही असं कुणा जाणकाराने लिहून दिलं, तर ते नोंदीचा विषय ग्रामसभेपुढे ठेवतील.

यवतमाळला आमच्या होस्टेलच्या गल्लीत बांधकाम खात्यातले एक निवृत्त ओव्हरसियर राहायचे. त्यांच्या घरी पेपर यायचा आणि मी तो वाचायला जायचो, एवढीच ओळख. मी अडखळत त्यांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. मला वाटतं, निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. एका रविवारी ते माझ्याबरोबर एसटीने आले, पांढरा शर्ट, हातात छोटी हातोडी. त्यांनी मनोऱ्याच्या विटा ठोकून पाहिल्या, जिना चढले, दारापाशी कुडामागे हात घालून लोखंडी पत्रे चाचपले. बाबा त्यांच्या मागे मागे होते. दोघं खाली उतरून मनोऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ बोल्टबद्दल बोलत राहिले. जिनिंग बंद झाल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मायने केलेला भाकर-ठेचा साहेबांनी दोनदा मागून खाल्ला आणि मग पाटावर बसून तिथल्या तिथे दाखला लिहिला. त्यात शेवटी असं होतं, की पूर्ण भरलेल्या टाकीचं वजन हा मनोरा अजून बरीच वर्षं सहज पेलू शकेल.

ते वाक्य मला फार आवडलं. निबंध लिहिताना सगळ्यांत भक्कम मुद्दा आधी मांडावा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी अर्ज लिहिला आणि पहिल्याच परिच्छेदात तो मुद्दा मांडला. टाकी मजबूत आहे, गंजलेली नाही, पूर्ण भरली तरी मनोऱ्याला धोका नाही, तर चार माणसांच्या कुटुंबाने काय होणार. तीन वेळा पक्का केला. घरी मोठ्याने वाचून दाखवला. बाबा म्हणाले, खरं हाय ते. माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "एवढं कायले सांगतं, बाबू? आपल्याले राहाचं हाय. पानी थोडी भराचं हाय?"

मी हसलो. मायला अर्ज कसा लिहितात ते कळत नाही असं मला वाटलं.

ग्रामसभा मे महिन्यात झाली, शाळेच्या व्हरांड्यात. त्या वर्षी पाण्याचे फार हाल होते. गावात सरकारी योजनेची नवी टाकी बांधायला घेतली होती. तिचे चार खांब उभे राहिले आणि काम थांबलं, त्याला तीन उन्हाळे झाले होते. हँडपंप कोरडे होते. नदीकाठच्या विहिरीला पाणी होतं, पण ती गावाबाहेर. टाकी नाही म्हणून ते पाणी गावातल्या नळांपर्यंत चढत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमची मायही त्याच विहिरीवर जायची. पण मी आमच्या विषयाचा विचार करत होतो, आणि दोन विषय एकाच सभेत शेजारी शेजारी बसतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आमचा विषय आला तेव्हा ग्रामसेवकांनी मलाच अर्ज वाचायला सांगितला. मी उभा राहिलो. वाचायला लागलो. गाव शांतपणे ऐकत होतं. मला ते माझ्या मराठीचं कौतुक वाटलं. वाचून झालं. मग मागून ती काकू उठली, जिने आमचा कुड लिंपला होता. तिच्या डोक्यावर अजून चुंबळ होती, ती विहिरीवरून तशीच आली होती.

"भाऊ, राग नोको येऊ देजा," ती बाबांकडे बघून म्हणाली. "पोरगं म्हनते ते खरं असन, तर टाकीत पानी काहून नाही भरत?"

कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली आणि वाढत गेली. विहिरीपासून जिनिंगपर्यंत जुना पाइप जमिनीत आहेच, असं एक म्हातारा म्हणाला. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा चेहरा मला आठवतो, त्यात आनंद नव्हता. त्यांनी बाबांना विचारलं, "फिटर, तूच सांग बाप्पा. टाकी गळते का?"

बाबा उभेच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं की गळते. पुष्कळ वर्षं कोरडी आहे, गळत असेल, सांगता येत नाही, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. गावात त्यांच्याशिवाय टाकीबद्दल कुणाला काही कळत नव्हतं, त्यांचा शब्द शेवटचा होता. घर त्या एका शब्दावर होतं आणि हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. ते गळते म्हणाले असते, तर काकूसुद्धा खाली बसली असती, असं मला वाटतं.

बाबा म्हणाले, "नाही गळत."

मग जरा थांबून, कुणी विचारलं नसताना म्हणाले, "दोन पत्रे काढले हायत. ठेवले हायत जपून. बोल्ट बी हायत."

सरपंचांनी मान खाली घातली. नवी टाकी होईपर्यंत जिनिंगची टाकी पाण्यासाठी वापरावी, आणि फिटरच्या कुटुंबाच्या जागेचा विचार करावा, असा ठराव झाला. मी वाचलेला अर्ज ग्रामसेवकांनी माझ्याकडून मागून घेतला आणि त्याच ठरावाला जोडला. साहेबांचा दाखलाही जोडला. टाकी योग्य असल्याचा पुरावा म्हणून त्यांना वेगळा कागद करावा लागला नाही.

घरी जाताना मी बाबांना म्हणालो, की नुसतं गळते म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मी रागाने म्हणालो. माझ्या स्वतःच्या अर्जाचा राग होता, पण तो त्यांच्यावर काढला. ते चालत राहिले. आमच्या जिन्याच्या पहिल्या फळीवर बसून त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "चार लोकांत इचारलं ना त्यानं." मी त्या उत्तरावर तेव्हा फार चिडलो. आज मी त्यावर चिडत नाही, पण ते मला पूर्ण कळलं आहे असंही म्हणणार नाही.

मायने काकूशी बोलणं सोडलं नाही, हे मला आणखी नवल वाटलं. मी विचारलं तर म्हणाली, तिच्या घरात लेकीचं बाळंतपण हाय, तिनं कुठून पानी आनावं? आणि मग भांडी घासताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, की कुड फार चांगला झालता.

ठराव झाला म्हणजे लगेच काही होत नाही, हे इतक्या खेपा घातल्यावर मला माहीत होतं, आणि मी त्याच्यावरच भरवसा ठेवला. दुसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं. पंप मंजूर व्हायचा होता, पाइप तपासायचा होता, जागेचा विचार व्हायचा होता. पावसाळा गेला तसा पाण्याचा विषय मागे पडला. दिवाळीत गेलो तेव्हा आम्ही टाकीतच होतो. उंबऱ्याच्या लोखंडी काठावर बाबांनी गोणपाट गुंडाळलं होतं, बोटं ठेचू नयेत म्हणून. मला वाटलं, ज्याला घर सोडायचं आहे तो असं कशाला करेल? मी स्वतःला पटवत होतो. खरं तर मला विचार करून करून थकवा आला होता. एखादी गोष्ट होणार की नाही, याची इतकी वाट बघितली की शेवटी नुसतं बसून राहावंसं वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा आली. त्या महिन्यात मी गावी गेलो नाही. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथे मी दर रविवारी फोन करायचो आणि दुकानदार कुणाला तरी बोलावून आणायचा. बहीण यायची. सगळं ठीक, अभ्यास कर, असं सांगायची. एकदा विचारलं, बाबा काय करून राह्यले, तर म्हणाली, कामावर गेलेत. कुठल्या कामावर ते सांगण्याआधीच तिने फोन ठेवला. एका रविवारी मागून दुकानदाराचा आवाज आला, सांगून टाक ना त्याले. तिने सांगितलं, की तो गिऱ्हाइकाशी बोलतोय. मला काही कळलं नाही असं नाही. मी कळून घेतलं नाही. पेपर होते.

शेवटचा पेपर देऊन होस्टेलवर आलो, तर फाटकाजवळच्या बाकावर ओव्हरसियर साहेब बसलेले होते. पेपर कसा गेला, असं त्यांनी आधी विचारलं. बरा गेला म्हणालो. बस म्हणाले. मग म्हणाले, की मला पंचायतीने तपासणीला बोलावलं होतं, मी तुझ्या गावी जाऊन आलो, बारा दिवस झाले. परीक्षा संपेपर्यंत तुला सांगायचं नाही असं तुझ्या आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

त्यांनी हळूहळू सांगितलं. मध्येच चष्मा पुसत होते. पंप आला. टाकी रिकामी करायची नोटीस आली. माणसं लावायची गरज पडली नाही. कुड बाबांनी आणि मायने मिळून काढला, माती खाली उतरवली. टाकी आतून घासून धुतली. दोन्ही पत्रे बाबांनी परत बसवले. दुसऱ्या कुणाला बोल्टला हात लावू दिला नाही. साहेबांच्या समोर पाणी चढवलं, काठापर्यंत. गल्लीतल्या नळांना दुपारी पाणी आलं. शाळेच्या मागे पंचायतीने टिनाची एक खोली दिली आहे, आणि तिची नोंद झाली आहे, नमुना आठला, बाबांच्या नावाने.

मग उठताना साहेबांना आठवलं, की मायने एक निरोप दिला आहे, आणि तो तिच्याच शब्दांत सांगायचा आहे. त्यांना वऱ्हाडी नीट येत नव्हती, तरी त्यांनी प्रयत्न केला.

"म्हणाली, गाडीतून उतरला का सरळ शाळेच्या मांगं ये म्हना. सवयीनं टाकीकडे जाशीन, अन् उगाच जिना चढशीन."